घड्याळात दोष नाही

नाही आबा, तुम्ही सेलच टाका. एकदा टाकून तर बघा — सेलचे पैसे मी देतोय ना, तुमचं काय जातंय? आमच्या गावातल्या मोबाइलवाल्याने बघितलं होतं, तो म्हणाला सेल गेला असेल. त्याच्याकडे उघडायचं हत्यार नव्हतं म्हणून जळगावला घेऊन आलो. हसता काय? म्हणजे यात सेल बसतच नाही? जागाच नाही? बरं. मग आतलं काहीतरी सुटलेलं असणार. कानाजवळ धरून हलवा जरा — खुळखुळ आवाज येतो का नाही? येतो ना! मग? चांगल्या घड्याळात कधी असा आवाज येतो का? मी सगळं करून बघितलं आबा. पाणी गेलं असेल म्हणून दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं, मोबाइल ठेवतो तसं. उन्हात ठेवलं. चालतं, चालतं आणि थांबतं. हातात घ्यावं तर पुन्हा टिकटिक, जसं काही झालंच नाही. माझी पुतणी छकुली आहे चार वर्षांची, तिने उचललं की चालू. मायने फोटोला टांगलं की बंद. मायला वाटतं घड्याळात कोणी आहे. आता तुम्ही सांगा, हे काय चांगल्या घड्याळाचं लक्षण आहे?

फोटो कोणाचा — भावाचा. मोठा भाऊ माझा, प्रेमराज. दोन महिने झाले. हे त्याचंच. लग्नात त्याच्या सासऱ्याने घातलं होतं त्याच्या हातात, भर मांडवात, आणि तुमच्याच दुकानातून घेतलं होतं म्हणे — बघा, डबीवर तुमचंच नाव आहे. मी अमृत, त्याचा धाकटा. नाही नाही, स्टूल नको, उभाच बरा आहे. तुम्ही तेवढं बघा आणि एका कागदावर लिहून द्या, घड्याळात बिघाड होता म्हणून. काय बिघाड ते तुमच्या भाषेत लिहा, मला काही कळत नाही त्यातलं. खाली शिक्का मारा. तेवढ्याचसाठी आलोय. खाली चहाच्या गाडीवर नाना बसले आहेत, पारोळ्याचे, गिरधर नाना — भावाचे सासरे हो, ज्यांनी घेतलं ते. गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही त्यांना. त्यांनाच पाहिजे तो कागद. म्हणजे त्यांना पाहिजे असं नाही — कसं सांगू तुम्हाला — माय आमची बोलते ना. भिकुबाई नाव तिचं, गावात कोणालाही विचारा. पोरगा गेलेली बाई, तिला कोण गप्प करणार? ऊठसूट वहिनीला म्हणते, "तुना बापनी घडी मना पोऱ्याले खाई गई." भांडी घासताना म्हणते, भाकरी वाढताना म्हणते. बायांसमोर म्हणते की बापाने पडेल भावातली घडी दिली आणि जावयाचा जीव घेतला. मेघावहिनी ऐकून घेते. एकदाही उलटून बोलली नाही. परवा नाना आले तर त्यांच्या तोंडावरच बोलली माय. नाना म्हणाले, ज्या दुकानातून घेतली त्याच दुकानात नेऊन दाखवू. घडी खोटी निघाली तर विहीणबाई, तुमच्या पायावर डोकं ठेवीन, साऱ्या गावासमोर. आणि खरी निघाली तर माझी पोरगी न् नात पारोळ्याला घेऊन जाईन, पुन्हा या उंबऱ्यात पाठवणार नाही. वहिनीची पिशवी भरून ठेवलेली आहे दाराशी. आता कळलं का आबा? तुम्ही दोन ओळी लिहिल्या की ती घरातच राहील. छकुली घरात राहील. नाना एकदा वाकतील मायसमोर, म्हातारं माणूस आहे, वाकेल, आणि मिटेल.

उघडलं का? दाखवा — अरे, हे असं असतं आत? हा अर्धा चंद्र फिरतोय तो? मी म्हणत होतो ना, सुटलंय म्हणून. सुटलेलं नाही? फिरायलाच ठेवलंय? हां. हात हलला की हा फिरतो, हा फिरला की चावी भरते. आपोआप. आणि हात नाही हलला तर — दीड-पावणेदोन दिवस आतल्या चावीवर काढतं आणि मग थांबतं. उचललं की पुन्हा सुरू. जिथे थांबलं तिथूनच सुरू. हो. म्हणजे माणसाला वाटतं चालूच आहे.

असं आहे तर.

त्या मशीनवर कशाला ठेवता? ठोके मोजायला. ती रेघ सरळ आली म्हणजे चांगलं? काहीच बिघाड नाही म्हणता? पाच-सहा वर्षांत साफही केलेलं नाही तरी एका दिवसात पाच सेकंद इकडेतिकडे. हं. भावाच्या हातात कधी थांबलंच नव्हतं हे, तुम्हाला सांगतो. थांबेल कसं? त्याचा हात कुठे थांबायचा? पहाटे गोठा, मग शेत, कापूस, मका, पाण्याची दारं धरणं, रात्रीही घालूनच झोपायचा. वहिनी चिडवायची त्याला, माझ्या बापाची घडी सोडत नाहीत आणि मला बाजारातही नेत नाहीत म्हणून. मोबाइल तो शेतात न्यायचाच नाही. मागच्या वर्षी एक विहिरीत गेला होता त्याचा, वाकला आणि खिशातून गेला, नवा होता. तेव्हापासून मोबाइल घरी चार्जिंगला आणि घडी हातात. भिंतीवरचं घड्याळ आमचं दिवाळीपासून बंद आहे. त्यात मात्र सेल असतो. तो आणायचं माझ्याकडे होतं.

काय झालं विचारता? विजेने गेला. त्या आठवड्यात आम्हाला दिवसाची लाइट होती, सकाळी दहाची. शेतीची थ्री फेज लाइट काही चोवीस तास नसते आबा, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, वेळ ठरलेली असते. आणि स्टार्टरला ऑटो लावलेला असतो, लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते, माणूस तिथे असो की नसो. विहिरीवर केबल उंदराने कुरतडली होती, तिला जोड द्यायचा होता. दहाच्या आत देऊन टाकायचा, म्हणजे पाणी लगेच चालू. मग फ्यूज का नाही काढले? हाच प्रश्न इन्स्पेक्टरनेही विचारला. तुम्ही शहरातले, तुम्हाला वाटणारच. पण लाइट नसली म्हणजे आमच्याकडे वायर म्हणजे दोरी. सगळे तसंच करतात. आणि ऑटो काढला की परत लावायचं राहून जातं, मग दिवसभराचं पाणी गेलं. वेळ हातावर आहे तर भीती कसली? भावाच्या हातावर नऊ वीस झाले होते. दहा वाजले आणि लाइट आली. वेळेवर आली हो, लाइटीला बोल लावायला जागा नाही. वेळेवरच आली.

म्हणून म्हणतो, लिहा. घड्याळ चाळीस मिनिटं मागे होतं म्हणजे बिघाडच ना? मागे पडणं म्हणजे बिघाडच. तुम्ही डोकं का हलवता?

नाही, कोणी काढून ठेवलं नव्हतं. भाऊ काढायचा नाही म्हटलं ना.

मी काढलं होतं. बस्स? एकदाच, मी. फैजपूरला दोस्ताचं लग्न होतं, रुपचंदचं. माझ्या हाताला काही नव्हतं. सगळी पोरं कशी येतात माहीत आहे ना, कोणाच्या गळ्यात चेन, कोणाचा गॉगल. मी म्हणालो भाऊ, तीन दिवस दे. वहिनीसमोरच मागितलं, म्हणजे त्याला नाही म्हणता आलं नसतं. म्हणता आलं असतं, पण मला तो कधी नाही म्हणायचाच नाही. दिलं. शुक्रवारी दुपारी हळद होती. हळदीत काचेला हळद लागू नये म्हणून एक वाजता काढलं आणि पिशवीत ठेवलं. बघा, किती जपलं होतं मी! पिशवी रुपचंदच्या घरी खुंटीला. मग डीजे, मग शनिवारी लग्न, मग मी विसरलोच की माझ्याकडे घड्याळ आहे. ज्याच्यासाठी नेलं होतं तेच विसरलो. एक फोटो नाही माझा त्यात घड्याळ घातलेला. रविवारी संध्याकाळी सहाला निघालो, पिशवी मोटरसायकलला बांधली आणि — रस्ता माहीत आहे ना कसा आहे? दोन तास आदळत आलो.

लिहून काय मोजताय? शुक्रवार दुपार एक. त्यात चाळीस तास. रविवार पहाट, पाच, सव्वापाच. पाच वीस धरा. पाच वीसला थांबलं खुंटीवर. संध्याकाळी सहाला मोटरसायकल हलली आणि ते पाच वीसपासून पुढे चालायला लागलं. बारा तास चाळीस मिनिटं. बारा तासांचं कोणाला कळतं? काट्यांना सकाळ-संध्याकाळ थोडीच असते. राहिली चाळीस मिनिटं. दोन-तीन तास मागे असतं तर आबा, भावाला कळलं असतं. उन्हाकडे बघून कळलं असतं त्याला. चाळीस मिनिटं उन्हात दिसत नाहीत.

सोमवारी सकाळी त्याने हात पुढे केला, मी पिशवीतून काढून दिलं. चालू होतं. काटा फिरत होता छान. घातलं, बघितलं आणि म्हणाला, आज लवकर आवरलं रे आपलं. खूश झाला. आणि तसाच विहिरीवर गेला.

दोन महिने मी हे बोटांवर मोजत होतो आणि मला जमत नव्हतं. तुम्ही एका मिनिटात मांडलं. आठवीतून सुटलो मी. भाऊ म्हणायचा निदान दहावी कर.

पाणी आहे का? नाही, असू द्या. बरं, द्या.

आता ऐका. मला कुठे माहीत होतं की हे हातावर चालतं? कोणी सांगितलं होतं का? तुम्ही दुकानदार, घेताना सांगायला पाहिजे होतं. तुम्ही नानांना सांगितलं असेल, नानांनी भावाला सांगितलं असेल, मला कोणी सांगितलं? मोबाइलवाला तर म्हणाला सेल — बघू नका असं माझ्याकडे.

सांगितलं होतं. भावाने. देताना. दारात उभा होता, मी मोटरसायकलला किक मारत होतो. म्हणाला, "हातमाईन काढू नको रे अमृत, काढी ठेवी की थांबी जास ती. आनि थांबनी तर माले देवाना आंगे टाइम लाई दे." थांबलं तर मला देण्याआधी वेळ लावून दे. मी म्हणालो हो हो, मला काय लहान पोर समजतो का? ऐकू आलं होतं मला. किकच्या आवाजातही आलं होतं. सेल नाही यात हे मला पहिल्यापासून माहीत होतं आबा. मोबाइलवाल्यालाही मीच म्हणालो, सेल गेला असेल ना? तर तो म्हणाला असेल. मला वाटलं जळगावला कोणीतरी म्हणेल की तुटलंय. एवढी चाकं आत, एखादं तरी तुटलेलं निघेल. तीन दुकानं फिरून तुमच्याकडे आलो. हो, तुमच्या आधी तीन. नाना खाली चहा पीत बसले आहेत, त्यांना सांगितलं दुकान उघडायचं आहे, तोवर बाजारातून येतो म्हणून. तिघंही तेच म्हणाले. एकाने तर विचारलं, विकायचं आहे का?

आणि वहिनीला माहीत आहे. मी नेलं होतं हे तिला माहीत आहे, तिच्यासमोर नेलं. माय तेव्हा यात्रेला गेली होती, तिला नाही माहीत. वहिनीने एक शब्द जरी काढला असता ना, की घडी तीन दिवस भाऊजींकडे होती — बस्स, माय गप्प झाली असती. नाही काढला. दोन महिने बापाच्या नावाने ऐकते आहे आणि गप्प. का ते विचारू नका. मायला एकच पोरगा राहिलाय म्हणून असेल. आज सकाळी घड्याळ माझ्या हातात दिलं तिने रुमालात बांधून, म्हणाली, "नीट दाखवा भाऊजी." एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

लिहा ना आबा. पाया पडतो. तुमचं नाव खराब होतं म्हणता? एका घड्याळाने काय होतं? शंभर घड्याळं विकली असतील तुम्ही. एक खराब निघालं म्हणून — ठीक आहे. ठीक आहे. पेन खाली ठेवू नका. मी काय सांगतो ते शेवटचं ऐका आणि मग जे खरं वाटेल ते लिहा.

मी तिथेच होतो. शेतात. इन्स्पेक्टरला मी सांगितलं की मी ओरडा ऐकून धावत आलो. धावत कुठून येणार? वीस पावलांवर बसलो होतो, बांधावर, लिंबाखाली. भाऊ म्हणाला होता केबलचं टोक धर, मी म्हणालो आलो, दोन मिनिटं. मोबाइल होता माझ्या हातात. होता ना! मोबाइलला कुठे चावी लागते, त्याची वेळ बरोबरच असते. रुपचंदने हळदीचा व्हिडिओ पाठवला होता, मी नाचतोय मधोमध, तो बघत होतो. पूर्ण स्क्रीनवर व्हिडिओ लावला की वर वेळ दिसत नाही. बोट लावलं की दिसते. बोट लावलं नाही मी.

आणि त्याने विचारलं होतं आबा. त्याने विचारलं होतं. हात केबलमध्ये होते त्याचे, मान वळवून विचारलं, "अमृत, कितला वाजनात रे?" काय वाटलं असेल त्याला? ऊन जरा जास्त वाटलं असेल. कधी नव्हे ते विचारलं. आणि मी मानही वर केली नाही. म्हणालो, "तुना हातमा घडी शे ना, देख ना!"

त्याने बघितलं. हसला. म्हणाला, "गैरा टाइम शे आजून." पुष्कळ वेळ आहे अजून.

…

नाही, ठीक आहे मी. हात लावू नका. ठीक आहे.

काय लिहिलंत? वाचून दाखवा, मला तुमचं अक्षर लागत नाही. "घड्याळ तपासले. चालू स्थितीत आहे. घड्याळात दोष नाही." एवढंच? शिक्का? मारा. नाही, वेळ लावू नका त्याला — असू द्या आहे तसं. बंद करा मागचं झाकण. किती द्यायचे तुमचे? घ्या हो, तपासण्याचे तरी घ्या. बरं.

हा कागद घेऊन मी खाली गेलो की नाना तो घडी घालून खिशात ठेवतील, आणि संध्याकाळी वहिनी पारोळ्याच्या गाडीत बसलेली असेल. छकुलीला खिडकी लागते. आणि मी काहीच बोललो नसेन. बघा, आत्ता जिन्यात मी तेच ठरवलं होतं — खोटं निघालं तर नाना वाकतील, खरं निघालं तर वहिनी जाईल, आणि दोन्हीत माझं नाव कुठेच नाही. मला हेच पाहिजे होतं आबा. कागद कुठलाही चालला असता.

कोण येतंय? काठीचा आवाज येतोय जिन्यात. नाना आहेत. नको म्हटलं होतं मी त्यांना चढायला. थांबा, तो कागद तिथेच राहू द्या, झाकू नका. — नाना, सावकाश, हात द्या. ही शेवटची पायरी. तुम्ही कशाला आलात, मी येतच होतो. बसा या स्टुलावर. हो, झालं तपासून. नाही, ते काही सांगणार नाहीत, मी सांगतो. आधी पाणी घ्या. — आबा, तुम्ही जरा बाहेर उभे राहता का? दुकान तुमचंच आहे, माहीत आहे मला. दोनच मिनिटं. आणि जाताना ते दार ओढून घ्या.